एक्सेलचा पासवर्ड बदलला, तरी फाईल जुनाच मागते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ऑफिसातल्या सामायिक फायली सांभाळायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कोणी नोकरी सोडली, नवीन माणूस आला, ऑडिट संपलं, की पासवर्ड बदलायची टूम निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजतो. वाक्य ठरलेलं असतं: "अगं, काल बदलला ना पासवर्ड? मग हा जुनाच का मागतोय?" पहिल्या काही वेळा मीही फाईल बिघडली असं समजून धावले होते. आता धावत नाही. फाईल क्वचितच बिघडलेली असते. बहुतेक वेळा एका कुलपाची किल्ली बदललेली असते आणि ती घालून बघत असतात दुसऱ्याच कुलपात.

तुमची तक्रार यांपैकी कोणती आहे ते आधी बघा.

- नवा पासवर्ड नाकारला जातो, जुना बिनतक्रार चालतो.
- नवाही चालत नाही आणि जुनाही.
- पासवर्ड टाकून ठेवला होता, तरी फाईल काहीच न विचारता उघडते.
- काही शीटना नवा लागतो, काहींना जुना.
- पासवर्ड बदलायचं बटणच करडं झालंय, दाबलं जात नाही.
- आज नवा चालला, उद्या सकाळी परत जुना. (हा प्रकार सगळ्यात डोकं खाणारा. खाली सविस्तर लिहिलंय.)
- पासवर्ड बदलल्यापासून फाईलमधलं एखादं बटण दाबलं की एरर १००४ येतो.

एक काम मात्र सगळ्यांच्या आधी करा: फाईलची प्रत काढून बाजूला ठेवा. एक्सेलमध्ये नव्हे, फाईल जिथे आहे त्या फोल्डरमध्ये कॉपी-पेस्ट करून. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. मूळ फाईलला हात लावला नाही तर नुकसान होण्याची शक्यताच उरत नाही, आणि शेवटी एखाद्या जाणकाराकडे जावं लागलं तर त्याला धक्का न लागलेली फाईल देता येते.

कुलूप कोणतं आहे?

एक्सेलच्या एकाच फाईलला पाच ठिकाणी पासवर्ड लागू शकतो आणि हे पाचही एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून "फाईलचा पासवर्ड बदला" असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा विचारते, विचारणा नेमकी कधी होते?

फाईलवर डबलक्लिक केल्याबरोबर, आतलं काही दिसायच्या आधीच पासवर्ड मागितला, तर ते उघडण्याचं कुलूप. हे एकच कुलूप खरं. यात अख्खी फाईल सांकेतिक रूपात बदलून ठेवलेली असते. पासवर्ड मागून शेजारी "रीड ओन्ली" असं बटण दिलं, तर ते बदल करण्याचं कुलूप. पासवर्ड नसला तरी फाईल वाचता येते, फक्त त्याच नावाने सेव्ह करता येत नाही. फाईल मुकाट्याने उघडली पण सेलमध्ये लिहायला गेल्यावर "ही शीट प्रोटेक्टेड आहे" असा संदेश आला, तर कुलूप शीटचं. सेलमध्ये लिहिता येतं, पण खालच्या टॅबवर राईट-क्लिक केल्यावर इन्सर्ट, डिलीट, रिनेम करडे दिसतात, तर ते वर्कबुकच्या रचनेचं कुलूप. पाचवं मॅक्रोच्या कोडला, म्हणजे फाईलमधली कामं आपोआप करणाऱ्या, लिहून ठेवलेल्या आज्ञांना. ऑल्ट आणि एफ११ दाबून प्रोजेक्ट उघडायला गेलात की ते समोर येतं. मॅक्रो नसलेल्या फाईलमध्ये त्याचा संबंधच नाही.

याहून सोपा रस्ता म्हणजे फाईल उघडून फाईल, इन्फो इथे जा. "प्रोटेक्ट वर्कबुक" या चौकोनाशेजारी एक्सेल स्वतःच सांगतं की उघडायला पासवर्ड लागतो का, रचना बंद आहे का, आणि कोणकोणत्या शीट बंद आहेत. प्रत्येक बंद शीटच्या नावासमोर ती उघडायची लिंकही असते. फोनवर अर्धा तास वाद घालण्यापेक्षा या पानाचा स्क्रीनशॉट मागवणं मला परवडतं.

बदल करण्याच्या कुलपावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. माणूस पासवर्ड न टाकता "रीड ओन्ली" दाबून आत शिरतो, नवा पासवर्ड लावतो आणि सेव्ह करतो. एक्सेल म्हणतं, या नावाने सेव्ह होणार नाही, दुसरं नाव द्या. तो घाईत जे नाव पुढे येईल त्याला ओके म्हणतो. आता फोल्डरमध्ये दोन फायली: नवीन नावाची, नवा पासवर्ड असलेली, आणि जुन्या नावाची, जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी सगळे सवयीने जुन्या नावाचीच उघडतात.

टाकताय तेच उमटतंय का?

पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, म्हणून बोट चुकलं तरी कळत नाही. नवा पासवर्ड लावताना एक्सेल तो दोनदा टाकायला लावतं, पण ती तपासणी वाटते तेवढी भरवशाची नाही. कॅप्स लॉक चालू असेल तर दोन्ही वेळा तीच चूक होते, दोन्ही जुळतात आणि पासवर्ड चुकीचाच लागतो. लहान-मोठी अक्षरं एक्सेल वेगळी मानतं.

आपल्याकडे यात कीबोर्डच्या भाषेची भर पडते. वर्डमध्ये मराठीत पत्र लिहिलं, तसंच एक्सेल उघडलं, आणि पासवर्ड इंग्रजीत टाकतोय असं समजून टाकला. कीबोर्ड मराठीवर असेल तर ठिपक्यांमागे काय उमटलं ते देवच जाणे. आकड्यांचंही तसंच: देवनागरी ५ आणि इंग्रजी पाच ही एक्सेलच्या लेखी दोन वेगळी चिन्हं आहेत. उलटाही अनुभव आहे. एका बाईंनी पासवर्ड लावला तेव्हाच कीबोर्ड मराठीवर होता. नंतर त्या इंग्रजीत टाकत राहिल्या आणि फाईल नाही म्हणत राहिली. मी त्यांना म्हटलं, कीबोर्ड मराठीवर करा आणि कळांकडे बघून तीच अक्षरं दाबा. उघडली.

म्हणून नोटपॅड उघडा, तिथे पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी बघा, आणि तिथून कॉपी करून चौकटीत पेस्ट करा. काम झालं की नोटपॅडमधला मजकूर पुसून मगच ते बंद करा. विंडोज ११ चं नवं नोटपॅड सेव्ह न केलेला मजकूरही पुढच्या वेळी परत समोर आणून ठेवतं.

पेस्ट करताना शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून येते, विशेषतः मेसेजमधून कॉपी केलं तर. फोनवर टाइप केलेला पासवर्ड असेल तर फोनने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलंय का, साध्या अवतरणचिन्हाचं वळणदार केलंय का, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ केलीय का, हे बघा. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांची अदलाबदल तर जुनीच. लॅपटॉपला वेगळा आकडेफलक असेल तर नम लॉकही बघा; तो बंद असला तर आकडे उमटतच नाहीत.

एवढं वाचून तुमची फाईल उघडली असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण इथूनच परत जातात.

बदललेली फाईल हीच का?

पासवर्ड बदलणं आणि फाईल सेव्ह करणं ही दोन वेगळी कामं आहेत. नव्या पासवर्डला ओके म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण सेव्ह करेपर्यंत डिस्कवरची फाईल जुन्याच पासवर्डची असते. बंद करताना "बदल सेव्ह करायचे का" या प्रश्नाला "मी तर काहीच बदललं नाही" म्हणून नाही म्हणणारे मी पाहिलेत. एकही आकडा बदललेला नसतो, त्यामुळे त्यांचंही तसं चुकत नाही.

मग फाईल, इन्फो या पानावर वरती दिसणारा पत्ता वाचा. मेलमधली अटॅचमेंट थेट उघडली असेल तर ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडते. तुम्ही सेव्ह करता ते तिथेच जातं आणि खरी फाईल हलतसुद्धा नाही. क्लाउडमधल्या फोल्डरमध्ये दोघांनी एकाच वेळी काम केलं असेल तर तिथे एकाच फाईलच्या दोन प्रती होतात आणि एकीच्या नावापुढे कॉम्प्युटरचं नाव चिकटतं. एक्सेलच्या "रिसेंट" यादीतून उघडायची सवय असेल तर ती यादी कुठल्या जमान्यातली प्रत उघडते याचा नेम नाही. नाव सारखं असतं, फोल्डर वेगळा.

याच ओघात आणखी एक. सेव्ह अॅजच्या जनरल ऑप्शन्समध्ये "ऑलवेज क्रिएट बॅकअप" ही खूण असेल तर दर सेव्हला एक्सेल आधीची आवृत्ती "बॅकअप ऑफ" असं नाव देऊन एक्सएलके प्रकारच्या फाईलमध्ये ठेवतं. ती प्रत जुन्याच पासवर्डने उघडते. क्लाउडच्या व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाईलच्या आधीच्या प्रतींच्या यादीत असलेल्या जुन्या आवृत्त्यांचंही तेच. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला फाईल दिसू नये म्हणून पासवर्ड बदलत असाल, तर त्याच्याकडे आधीच गेलेल्या प्रतीवर तुमच्या नव्या पासवर्डचा काडीचाही परिणाम होत नाही. तिथे फोल्डरची परवानगी काढावी लागते. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी समोरचा गप्प होतो.

बटण करडं का?

वर पिवळी पट्टी दिसत असेल तर "एनेबल एडिटिंग" दाबा, पण फाईल कुठून आली ते माहीत असेल तरच. त्यानंतर टॅबकडे बघा. एकापेक्षा जास्त शीट एकदम निवडलेल्या असतील तर शीटचं बटण बंद होतं, आणि वर फाईलच्या नावाजवळ "ग्रुप" असा शब्द दिसतो. टॅबवर राईट-क्लिक करून "अनग्रुप शीट्स" म्हटलं की सुटलं.

नावाजवळ "शेअर्ड" दिसत असेल तर प्रकरण जुन्या पद्धतीच्या सामायिक वर्कबुकचं आहे. त्या अवस्थेत एक्सेल पासवर्ड लावू, बदलू किंवा काढू देत नाही. आधी शेअरिंग बंद करावं लागतं, आणि तसं केलं की कोणी काय बदललं याची नोंद पुसली जाते. ती नोंद कोणाला हवी असेल तर आधी विचारून घ्या, कारण नंतर ती परत येत नाही.

आणि कोणीतरी दुसऱ्या मशीनवर फाईल उघडून जेवायला गेलं असेल तर तुम्हाला ती नुसती वाचायला मिळते. फोल्डरमध्ये लपलेल्या फायली दाखवल्यात तर नागमोडी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी एक छोटी फाईल दिसेल. कोणी ती उघडून ठेवलीय याची ती खूण. सगळ्यांनी बंद केल्यावरही ती तशीच राहिली, तरच ती काढा.

आता प्रत्यक्ष बदल

"चेंज पासवर्ड" असं बटण शोधू नका, एक्सेलमध्ये ते नाही. जुना काढायचा आणि नवा लावायचा, एवढंच.

उघडण्याच्या पासवर्डसाठी फाईल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. चौकटीत ठिपके दिसतील, तो जुना पासवर्ड. ते सगळे खोडून नवा टाका. ठिपक्यांच्या शेवटी क्लिक करून तसंच टाइप केलंत तर नवा पासवर्ड जुन्याच्या शेपटीला लागतो, आणि मग खात्री करायच्या चौकटीत तो जुळत नाही. तसा संदेश आला तर कारण बहुधा हेच. पासवर्ड नकोच असेल तर चौकट रिकामी ठेवून ओके. लक्षात घ्या, इथे जुना पासवर्ड परत विचारत नाहीत. उघडी फाईल सोडून उठलेल्या माणसाचा पासवर्ड कोणीही बदलू शकतो.

बदल करण्याचा पासवर्ड तिथे सापडत नाही आणि लोक शोधत बसतात. तो सेव्ह अॅजच्या खिडकीत, खाली "टूल्स" नावाच्या बटणात, जनरल ऑप्शन्समध्ये दडलाय. मॅकवर फाईल मेनूमध्येच "पासवर्ड्स" आहे, तिथे हे दोन्ही एकत्र मिळतात.

शीटचा पासवर्ड रिव्ह्यू टॅबमध्ये. अनप्रोटेक्ट शीट, जुना टाका. मग प्रोटेक्ट शीट, नवा टाका. हे प्रत्येक शीटला वेगळं करावं लागतं. बारा महिन्यांच्या बारा शीट असलेली एक फाईल माझ्या ओळखीची आहे. तिच्यात दर वर्षी एखादा महिना जुन्या पासवर्डवर राहतो, आणि तो महिना नेमका हिशेब बंद करायच्या दिवशी सापडतो. आणखी एक खबरदारी: परत प्रोटेक्ट करताना खाली खुणांची एक यादी येते. सेल निवडू द्यायचे का, फिल्टर वापरू द्यायचा का, ओळी घालू द्यायच्या का, वगैरे. अनप्रोटेक्ट करण्याआधी कायकाय करता येत होतं ते बघून ठेवा. नाहीतर पासवर्ड नीट बदलतो आणि दुसऱ्या दिवशी "फिल्टर चालत नाही" म्हणून वेगळीच तक्रार येते.

लपवलेल्या शीट विसरू नका. टॅबवर राईट-क्लिक करून "अनहाइड" बघा. तेच करडं असेल तर रचनेचं कुलूप आधी उघडायला हवं.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सेव्ह अॅजच्या खिडकीत "सेव्ह विथ पासवर्ड" ही खूण करून त्याच नावाने सेव्ह करायचं आणि नवा पासवर्ड द्यायचा. खूण काढून सेव्ह केलं की पासवर्ड गेला. शीट आणि रचनेची कुलपं टूल्स मेनूमध्ये. गूगल शीट्समध्ये पासवर्ड हा प्रकारच नाही, तिथे कोणत्या खात्याला काय दिसावं एवढंच ठरवता येतं. आणि सीएसव्ही म्हणून, म्हणजे नुसत्या मजकुराच्या रूपात सेव्ह केलेल्या फाईलमध्ये पासवर्ड टिकत नाही. "पासवर्ड टाकला होता तरी फाईल तशीच उघडते" या तक्रारीचं उत्तर अनेकदा फाईलच्या नावातल्या शेवटच्या तीन अक्षरांत असतं.

रात्री बदललेला पासवर्ड सकाळी परत जुना

याने मला एकदा तीन दिवस दमवलं होतं. फाईल मॅक्रोची, म्हणजे एक्सएलएसएम. शीटचा पासवर्ड बदलला, सेव्ह केली, बंद केली, परत उघडली, तर जुना! प्रत बरोबर, पत्ता बरोबर, कीबोर्ड इंग्रजीवर. तिसऱ्या दिवशी कोड उघडला तेव्हा सापडलं. "धिसवर्कबुक" या भागात फाईल उघडताना आपोआप चालणाऱ्या काही ओळी होत्या. पहिली ओळ सगळ्या शीट अनप्रोटेक्ट करत होती, मधल्या ओळी तारखा भरत होत्या आणि शेवटची ओळ शीट परत प्रोटेक्ट करत होती. दोन्हीकडे पासवर्ड लिहिलेला होता, अवतरणचिन्हांत, जुना.

अशा फायलींत दोनपैकी एक होतं. जुना पासवर्ड नाकारला गेला तर मॅक्रो अडकतो आणि एरर १००४ दाखवतो. किंवा मॅक्रो लिहिणाऱ्याने चुकांकडे दुर्लक्ष करायची ओळ टाकलेली असते. तेव्हा काय होईल ते आधीची ओळ कुठे फसली यावर ठरतं. माझ्या बाबतीत जुना पासवर्ड काढल्यावर नवा लागायच्या आधीच, शीट उघडी असताना फाईल सेव्ह झाली होती, त्यामुळे कोडने तिला आपल्याकडचं जुनं कुलूप इमानेइतबारे परत घातलं.

उपाय सोपा. ऑल्ट आणि एफ११ दाबा, कंट्रोल आणि एफ दाबून "प्रोटेक्ट" हा शब्द पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधा, पासवर्ड जिथे जिथे असेल तिथे तिथे बदला. "अनप्रोटेक्ट"मध्येही तोच शब्द असल्यामुळे एका शोधात दोन्ही सापडतात. एकही जागा सुटली तर सगळं परत येतं. आणि कोडमध्ये उघडा लिहिलेला पासवर्ड ज्याला कोड दिसतो त्याला दिसतो, हे ओघानेच आलं. कोडवरच पासवर्ड असेल आणि लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर इथे थांबा. पुढचं काम मॅक्रो जाणणाऱ्याचं.

याचा एक सौम्य भाऊ म्हणजे लिंक. दुसरी एखादी फाईल तुमच्या फाईलमधून आकडे ओढत असेल तर उघडण्याचा पासवर्ड बदलल्यावर त्या दुसऱ्या फाईलवाल्याला अचानक पासवर्डची चौकट दिसते, आणि त्याला वाटतं व्हायरस आला. पॉवर क्वेरी, म्हणजे दुसऱ्या फायलींतून माहिती ओढणारं एक्सेलचं साधन, तर उघडण्याचा पासवर्ड असलेल्या फाईलमधून वाचतच नाही. बदलण्याआधी विचारा, या फाईलवर कोणकोण अवलंबून आहे?

जुना पासवर्डच आठवत नाही तेव्हा

इथे कुलपाचा प्रकार सगळं ठरवतो. शीट आणि रचनेची कुलपं सुरक्षेसाठी नाहीतच. चुकून सूत्र खोडलं जाऊ नये म्हणून ती आहेत, आणि मायक्रोसॉफ्टही तसंच सांगतं. एक्सेल २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत शीटच्या पासवर्डऐवजी त्यावरून काढलेला फक्त १६ बिटांचा छोटा आकडा, म्हणजे त्याचा ठसा, साठवला जायचा, म्हणजे कितीतरी वेगवेगळे पासवर्ड त्याच कुलपाला लागायचे. २०१३ पासून ठसा मजबूत झाला, पण आतली माहिती अजूनही उघडीच असते. फाईल तुमचीच असेल आणि सेल निवडता येत असतील, तर सगळं कॉपी करून नव्या शीटवर पेस्ट करा. लपवलेली सूत्रं येणार नाहीत, त्यांच्या जागी नुसते आकडे येतील, आणि छपाईची मांडणी परत करावी लागेल. त्याहून जास्त हवं असेल तर ते जाणकाराचं थोडक्यात होणारं काम आहे.

उघडण्याच्या पासवर्डची गोष्ट वेगळी. १९९७ ते २००३ च्या एक्सएलएस फायलींत नेहमीची सोय ४० बिटांच्या किल्लीची होती, ती आज तुटते. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये एईएस ही मजबूत सांकेतिक पद्धत वापरतात. २०१० पासून तर पासवर्डचा प्रत्येक अंदाज तपासायला एक लाख वेळा गणित करावं लागतं. मागच्या दाराने शिरण्याची सोय नाही. मायक्रोसॉफ्टकडेही तो पासवर्ड नसतो, आणि लावताना चौकटीतच लिहिलेलं असतं की विसरलात तर परत मिळणार नाही.

एकच गोष्ट तुमच्या हातात असते. कागद घ्या आणि तेव्हा सुचू शकले असते असे सगळे पासवर्ड लिहा. जुन्या पासवर्डपुढे वर्ष लावून, शेवटी उद्गारचिन्ह लावून, पहिलं अक्षर मोठं करून, कीबोर्ड मराठीवर ठेवून. प्रत्येकासमोर फुली मारत चला, नाहीतर तेच तेच परत टाकत बसाल. एक्सेल चुकीच्या प्रयत्नांमुळे फाईल कायमची बंद करत नाही, तेव्हा घाई नाही.

कुठे थांबायचं?

वरची यादी संपली आणि उघडण्याचा पासवर्ड लागला नाही, तर थांबा. कंपनीची फाईल असेल तर आयटीवाल्यांना विचारा. मायक्रोसॉफ्टचं डॉकरीक्रिप्ट नावाचं साधन आहे, त्याने एक्सेल २०१३ पासूनच्या फायलींचा पासवर्ड काढता येतो. पण फाईलला पासवर्ड लावला त्याच्या आधीच कंपनीने आपलं डिजिटल प्रमाणपत्र त्या मशीनवर बसवलेलं असेल, तरच. नंतर बसवून उपयोग नाही.

फाईल पासवर्ड न मागता "तुमच्या खात्याला परवानगी नाही" म्हणत असेल, तर तो पासवर्डचा मामलाच नाही. ती परवानगी कंपनीचा अॅडमिनच देऊ शकतो. फाईल बरोबर पासवर्ड टाकूनही उघडत नसेल, आणि सेव्ह होताना पेन ड्राइव्ह ओढला गेला होता किंवा वीज गेली होती असं आठवत असेल, तर स्वतः दुरुस्तीची साधनं चालवू नका. सांकेतिक केलेल्या फाईलचा तुकडा गहाळ झाला तर उरलेलं वाचवणं अवघड असतं, आणि प्रत्येक सेव्हने ते आणखी अवघड होतं. आधी व्हर्जन हिस्टरी आणि ती एक्सएलके फाईल बघा, मग माहिती परत मिळवून देणाऱ्याकडे जा. फाईल तुमची नसेल तर मुळात हातच लावू नका, ज्याची आहे त्याच्याकडून लेखी मागा.

बाहेरच्या माणसाकडे जाल तेव्हा तो पहिला प्रश्न काय विचारतो ते ऐका. कुलूप कोणतं, फाईल कोणत्या प्रकारची, पासवर्डचं काही आठवतंय का, असं विचारणारा बरा. नव्या एक्सएलएसएक्सच्या उघडण्याच्या पासवर्डची न बघताच शंभर टक्के हमी देणाऱ्याला नमस्कार करा आणि उठा. पगाराची किंवा ग्राहकांची यादी असलेली फाईल "मोफत अनलॉक" म्हणणाऱ्या वेबसाईटवर तर चढवूच नका. पासवर्ड तुटला तर यादी त्यांच्याकडेही उघडी झाली. जाणकाराला द्यायची ती हात न लावलेली मूळ फाईल, सोबत फुल्या मारलेला तो कागद, आणि फाईल कोणत्या आवृत्तीत तयार झाली होती ते. कागदावरचे पासवर्ड तुम्ही दुसरीकडे कुठे वापरत असाल, तर कागद देण्याआधी ते तिथे बदलून घ्या.